आकडी

मी सायकलच्या शर्यतीत उतरणार आहे, यावर आईचा शर्यतीच्या सकाळपर्यंत विश्वास बसला नव्हता. चूक तिची नाही. मी लहानपणापासून घाबरट. अंधाराला किंवा भुताला भिणारा नव्हे, त्या बाबतीत मी ठीक होतो. मला धास्ती असायची ती पुढे काय होईल याची. एसटी सुटायच्या तासभर आधी मी थांब्यावर हजर असायचो. घरी यायला कुणाला दहा मिनिटं उशीर झाला की माझ्या डोक्यात तो माणूस दवाखान्यात पोचलेला असायचा. आई म्हणायची, "पाऊस यायच्या आधीच भिजून बसतूस लेकरा. कामून असा रं तू?"

आम्ही तेव्हा वाशीत राहायला आलो होतो. मूळचे आम्ही परभणीकडचे. वडिलांची बदली झाली आणि सरकारी कचेरीतल्या कारकुनाला मिळते तशी दोन खोल्यांची जागा मिळाली. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बसच्या पाटीवर 'न्यू बॉम्बे' लिहिलेलं असायचं, पण वाशीचे दोन-चार सेक्टर ओलांडले की भाताची खाचरं, खाडी, आणि मधूनच एखादा रुंद नवा रस्ता, जो पुढे जाऊन चक्क शेतात संपायचा. आम्हा पोरांना सायकल चालवायला ते रस्ते फार सोयीचे होते.

बारावीत माझी दोघांशी दोस्ती झाली, ती पुढेही टिकली. एक घणसोली गावातला. त्यांचं घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर, म्हणून त्याला आम्ही खाडीवाला म्हणायचो. दुसरा कोपरखैरण्याचा, शाळामास्तरांचा मुलगा. वर्गात सगळ्यांत कमी मार्क त्याचे, तरी त्याला सगळे मास्तर म्हणत, आणि तोही ते नाव मानानं मिरवायचा.

शर्यतीची बातमी मास्तरनंच आणली. घणसोलीजवळच्या एका मंडळानं ती काढली होती. डांबरी रस्त्यावरची शर्यत नव्हे. घणसोलीच्या मैदानातून निघायचं, ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून डोंगराला लागायचं, दगडखाणीच्या वाटेनं वर चढायचं, पलीकडून रबाळ्याच्या अंगाला उतरायचं, पुन्हा मोठा रस्ता ओलांडून तळवलीच्या शेतांतून खाडीवर यायचं आणि खाडीच्या मातीच्या बांधावरून परत घणसोली. आता डोंगरात चालवायच्या सायकली वेगळ्या मिळतात, जाड टायरच्या आणि गिअरच्या. आमच्याकडे बावीस इंची काळ्या सायकली होत्या. मडगार्ड, कॅरियर आणि चेनकव्हर काढून ठेवलं की आमच्या मते ती शर्यतीची सायकल झाली.

शर्यतीचा मुख्य नियम नेमका माझ्या मुळावर आला होता. तिघांचा संघ करायचा आणि वेळ धरायची ती तिसऱ्या गड्याची. पहिला कितीही लवकर पोचो, शेवटचा पोचेपर्यंत संघ पोचला असं धरायचं नाही. मास्तर सुसाट चालवायचा, खाडीवाला त्याच्याहून दमदार. म्हणजे आमच्या संघाची वेळ माझी वेळ. त्या विचारानंच माझी झोप उडाली. मी मास्तरला सांगून पाहिलं की माझ्याऐवजी दुसरा कुणी घे. तो म्हणाला, "दुसरा कोण आहे? आणि तुझ्याकडे सायकल आहे, तेवढं बास."

खाडीवाल्याच्या मनात शर्यतीपेक्षा मोठी गोष्ट चालू होती. त्यांची खाचरं नव्या शहरासाठी संपादनात गेली होती, आणि घरटी एका मुलाला कामावर घेऊ, असं मोठ्या रस्त्यावरच्या एका कारखान्यानं सांगितलं होतं. त्याच्या घरातून त्याचं नाव गेलं होतं. तेही साध्या हेल्परच्या कामासाठी नाही. क्रेन चालवायला शिकवणार होते. तोंडी परीक्षेत तो पास झाला होता, आता फक्त मेडिकल बाकी होतं. ते शर्यतीनंतरच्या गुरुवारी. त्याच्या वडिलांनी गावात चार ठिकाणी सांगूनही टाकलं होतं की पोरगा क्रेनवर बसणार. त्याच्या बोलण्यात दिवसातून दहा वेळा क्रेन यायची. "आरं, आख्खा ट्रक उचलते ती," तो म्हणायचा, आणि हात वर करून दाखवायचा.

शर्यतीच्या आठ-नऊ दिवस आधी आम्ही सरावाला डोंगरावर गेलो. मास्तर नेहमीसारखा पुढे निघून गेला. मी बराच मागे पडलो होतो. खाणीच्या वळणावर पोचलो तर खाडीवाल्याची सायकल आडवी पडलेली आणि तो वाटेच्या कडेला एका दगडाला टेकून बसलेला. चेहरा पांढरा, दात घट्ट आवळलेले, कपाळावर घाम. मी सायकल टाकून धावलो. काय झालं विचारलं तर त्यानं हातानंच थांब अशी खूण केली. दोन मिनिटांनी त्यानं श्वास सोडला.

"आकडी आली," तो म्हणाला. "मना येते कवा कवा. पन तू कोनाला बोलू नुको हां. मास्तरला पन नाय. गुरुवारी मेडिकल हाय ना."

मी नाही बोलणार म्हणालो. तो उठला, पँट झटकली, सायकलवर बसला आणि काही झालंच नाही असा निघाला.

माझं काय झालं ते सांगायचं तर मामाबद्दल सांगायला हवं. आईच्या धाकट्या भावाला आकडी यायची. आमच्याकडे फेफऱ्याला आकडीच म्हणतात. चालता चालता तो कोसळायचा, हातपाय झाडायचा, तोंडाला फेस यायचा. बाया धावत जायच्या, कुणी कांदा फोडून नाकाशी धरायचं, कुणी चप्पल हुंगवायचं, आणि थोड्या वेळानं तो उठून बसायचा. मी सात-आठ वर्षांचा असताना तो शेताच्या पाटावर एकटाच होता. पाटात वीतभर पाणी. तो तोंडावर पडला, आणि तिथे कांदा फोडायला कुणी नव्हतं. वीतभर पाण्यात माणूस मरू शकतो, हे मला त्या वयात कळलं.

आणि आमच्या शर्यतीतला शेवटचा टप्पा म्हणजे खाडीचा बांध. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला साचलेलं खारं पाणी, मधे जेमतेम एक सायकल जाईल एवढी मातीची वाट. तीसुद्धा भरतीच्या वेळेला. खाडीवाल्यानंच हिशेब करून सांगितलं होतं. "तिथीला पाऊनपट कर, भरती सापडते. त्या दिशी तेरस हाय. म्हंजे पावनेधाला पानी टम्म." शर्यत आठला सुटणार होती. पावणेदहाला आम्ही नेमके बांधावर असणार होतो.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. मी आईला आडून आडून विचारलं, आकडीवर काय करतात. तिला वाटलं मलाच काही होतंय. तिनं माझे डोळे ओढून पाहिले. मग म्हणाली, "कांदा हुंगवावा. नाहीतर हातात लोखंड द्यावं." दुसऱ्या दिवसापासून माझ्या पँटच्या खिशात एक कांदा आणि एक जुनी किल्ली असायची. हे ऐकून डॉक्टर लोक हसतील. हसू देत. माझ्याकडे दुसरा इलाज नव्हता.

मी खाडीवाल्याची पाठ सोडेना. तो विहिरीवर पाणी काढायला गेला की मी रहाट धरायचो. तो होडीवर चढला की मी काठावरून त्याला हाका मारायचो. एकदा तो चिंचेच्या झाडावर चढत होता तर मी पाय धरून त्याला खाली ओढलं. तो वैतागून म्हणाला, "तू माझी आय हायेस का?" मास्तरचं वेगळंच. तो नाक वर करून म्हणायचा, "तुझ्याजवळ आलं की भजी तळल्याचा वास का येतो रे?" मी म्हणायचो, आईनं कांदे निवडायला लावले होते. त्या आठवड्यात मी आईचे तीन कांदे खिशात मळून वाया घालवले.

शर्यतीतून त्यानं माघार घ्यावी म्हणून मी बरेच उपाय केले. माझंच पोट बिघडलंय, माझी सायकल डुगडुगते, बांध म्हणे खचलाय. मास्तरनं मला आळशी म्हटलं. खाडीवाल्यानं मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भिऊ नुको. मी तुझे म्होरं म्होरं चालवीन, तू माझे मागचे चाकावर नजर ठेव." नजर तर मी ठेवतच होतो.

शर्यतीच्या दिवशी मैदानात चाळीसेक सायकली जमल्या होत्या. माघातली थंडी होती. मंडळाचा अध्यक्ष भोंग्यावरून नियम सांगत होता. वाटेत तीन ठिकाणी माणसं बसवली होती. ती प्रत्येकाच्या मनगटावर गेरूचा ठिपका लावणार. तीन ठिपके नसतील तर शर्यत बाद. तिसरा ठिपका बांधाच्या तोंडाशी, उघाडीवर. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं किंवा अडवायचं लाकडी दार. तिथे औषधाची पेटी घेऊन एक कंपाउंडर बसणार होता. अध्यक्षानं त्याचं कौतुक केलं, सुट्टीच्या दिवशी आलाय म्हणून. तो मोठ्या रस्त्यावरच्या कारखान्याच्या दवाखान्यातला होता. त्याच कारखान्याच्या, जिथे खाडीवाल्याचं मेडिकल होतं. खाडीवाल्यानं त्याला दुरून नमस्कार केला आणि त्यानंही हात हलवला.

शिट्टी वाजली आणि आम्ही सुटलो. डोंगर लागेपर्यंत सगळं गर्दीत गेलं. चढावर माझी छाती भात्यासारखी चालायला लागली. जिथे दगड मोठे होते तिथे सायकल खांद्यावर घेऊन चढायचं होतं; नळी खांद्यात रुतत होती आणि पॅडल सारखं मांडीवर आदळत होतं. खाडीवाला माझ्यापुढे दहा पावलांवर. बोलल्याप्रमाणे तो मुद्दाम हळू चालवत होता, मला सोबत म्हणून. त्यानं मनात आणलं असतं तर तो मास्तरच्याही पुढे गेला असता. त्यानं मागे वळून "येतोस ना रं?" असं विचारलं की मी त्याचे डोळे बघायचो, बुबुळं जागेवर आहेत का म्हणून.

खाणीवर पहिला ठिपका झाला. उतारावर रॉडचे ब्रेक कुणाच्या बापाला जुमानत नव्हते. मी चपलेची टाच जमिनीला घासत उतरलो. खाली पोचेपर्यंत टाचेचं रबर अर्धं उडालं होतं. एका वळणावर दोघं एकमेकांवर आदळून पडले होते, त्यांच्या शेजारून आम्ही निघून गेलो. रबाळ्याला दुसरा ठिपका. मास्तर तिथे आमच्यासाठी थांबला होता, ओरडत होता, "आपण सहावे आहोत! चला, चला!" आणि पुन्हा पुढे सुटला. मोठ्या रस्त्यावर ट्रकची रांग जाईपर्यंत थांबावं लागलं. खाडीवाला एक पाय टेकून उभा होता. त्यानं तोंडावरून हात फिरवला. मी विचारलं, "बरा आहेस ना?" तो म्हणाला, "बराच हाय," पण तो दात आवळून बोलत होता.

तळवलीच्या शेतांत भाताची कापणी कधीच झाली होती. धसकटांतून आणि कडक ढेकळांतून सायकल उधळत होती. पुढे सपाट पायवाट लागली आणि समोर खाडी दिसली. पाणी खरोखरच टम्म भरलं होतं. बांधाच्या दोन्ही अंगांना नुसतं चकाकत होतं. घड्याळ माझ्याकडे नव्हतं, पण पावणेदहाच झाले असणार.

तेव्हा मी ते पाहिलं. खाडीवाल्याचा उजवा हात हँडलवरून सुटून खाली गेला. मान झुकली. सायकल वेडीवाकडी होत वाटेच्या कडेला घसरली आणि पडता पडता सावरली. त्यानं पुन्हा हँडल धरलं, पण आता तो अगदी हळू चालला होता. मामाचा आधी हात गळायचा, असं आई सांगायची. मला दुसरं काही सुचलं नाही. मी होता नव्हता तेवढा जोर लावून पॅडल मारलं आणि आयुष्यात पहिल्यांदा खाडीवाल्याला मागे टाकलं.

उघाडीवर मास्तर ठिपका लावून घेत होता. मला पुढे आलेला पाहून तो आनंदानं ओरडला, "वा रे पठ्ठ्या!" आणि बांधावर निघून गेला. मी सायकलवरून जवळजवळ पडलोच. कंपाउंडरच्या कानाशी गेलो आणि म्हणालो, "मागून येतोय ना, तो माझा मित्र आहे. त्याला आकडी येते. आत्ता यायला लागलीय. त्याला बांधावर सोडू नका." "नक्की?" कंपाउंडरनं विचारलं. मी म्हणालो, "मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यानं स्वतः सांगितलंय. माझं नाव सांगू नका."

हा माणूस कुठे काम करतो हे मला माहीत होतं. ते मी विसरलो होतो असं नाही. त्या क्षणी मी स्वतःला सांगितलं की नोकरी काय, दुसरी मिळेल, जीव वाचला पाहिजे. दुसऱ्याच्या नोकरीबद्दल असं म्हणायला काही लागत नाही.

खाडीवाला आला. कंपाउंडरनं त्याचं हँडल धरलं. तिथे मंडळाचे दोघं-तिघं आणि गावातली दोन माणसं होती. कंपाउंडरनं सरळ विचारलं, "तुला आकडी येते?"

खाडीवाला गोंधळला. पण खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "हां, येते," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दोन-तीन वर्सं जाली. रोज नाय येत. लय दमलो का येते, मंग जाते आपली."

"आत्ता आली होती?"

"थोडीशी. पन गेली. मी जातंय ना हलू हलू, साहेब."

कंपाउंडरनं बाकीच्यांकडे पाहिलं. गावातल्या एका म्हाताऱ्यानं तोंडावर हात नेला. "उतर खाली," कंपाउंडर म्हणाला. "तुझी शर्यत संपली." खाडीवाल्यानं विनवणी केली, उभा राहून दाखवलं, दोन उड्या मारून दाखवल्या. त्यांनी सायकल काढून घेतली आणि उघाडीला टेकवून ठेवली. मागचे स्वार ठिपका लावून आमच्या शेजारून बांधावर जात होते आणि जाता जाता वळून बघत होते.

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. खरं सांगतो, मला त्या वेळी फार बरं वाटत होतं. आठ दिवसांचं ओझं उतरलं होतं. तो जिवंत होता, कोरड्या जमिनीवर बसला होता. तो खाडीकडे बघत होता आणि एक पाय चोळत होता. मधेच त्याचं माझ्या फुगलेल्या खिशाकडे लक्ष गेलं.

"काय हाय त्यात?"

मी कांदा बाहेर काढला. "असाच आणलाय."

त्यानं तो घेतला, दगडावर ठेवून बुक्कीनं फोडला आणि अर्धा मला दिला. त्याला वाटलं मी खायला आणलाय. आम्ही दोघांनी तो कांदा खाल्ला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याच्याही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "याला सांगितला कोनी?" मी कांदा चावत राहिलो. तेवढ्यात मास्तर अर्ध्या बांधावरून परत फिरून आला, लालबुंद होऊन विचारायला लागला की तुम्ही मेलात कुठे. खाडीवाला त्याच्याकडे बघत राहिला. माझ्याआधी उघाडीवर मास्तरच पोचला होता. मी शब्द दिला होता म्हणून माझ्यावर त्याचा संशय गेला नाही; सरावाच्या दिवशी पुढे गेलेल्या मास्तरनं वरून पाहिलं असणार, असं त्याला वाटलं.

"तू सांगितलास," खाडीवाला म्हणाला.

"काय सांगितलं?" मास्तरला काहीच कळेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्या दिवशी त्या दोघांचं जे फाटलं ते माझ्यासमोर फाटलं, आणि मी तोंड उघडलं नाही.

गुरुवारी मेडिकल झालं. शुक्रवारी मी घणसोलीला गेलो. खाडीवाला ओटीवर जाळं विणत बसला होता. त्याच्या आईनं मला पाणी दिलं, पण एरवीसारखं बस म्हणाली नाही. त्यानं जाळ्यातून मान वर न करता सांगितलं.

"नाय घेतला. कंपाउंडर तिथंच उभा. डाक्टर बोलला, तुना फिट येते. मी बोललो, हां साहेब, एकदम फिट हाय. तो हसला पन नाय. कागदावर लिवला काय तरी आनि बोलला, जा." त्यानं सुतळी दातानं तोडली. "आता तूच सांग. पोटरीला गोला येतो, येवढ्यासाठी क्रेन नाय?"

मी विचारलं, "कुठे येतो?"

"पोटरीला. आकडी. तुना सांगितला नव्हता खानीवर?" त्यानं पाय लांब करून पोटरी दाबून दाखवली. "दगडासारखी व्हते. मी मेडिकलला लपवत व्हतो, क्रेनला दोन पायांचा काम असते म्हनून."

त्यांच्या घरात पायाच्या गोळ्याला आकडी म्हणत. शेतातून आलेल्या माणसाला, जाळं ओढून आलेल्या माणसाला येते ती. त्याच्या आईला यायची, आजोबांना यायची. एरवी त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो आणि निघालो.

त्याला खरं सांगायच्या आधी मी निस्तरायला धावलो. सोमवारी कारखान्याच्या गेटवर कंपाउंडरला गाठलं. त्याला सांगितलं की आकडी म्हणजे ती आकडी नव्हे, पायातली. तो वाईट माणूस नव्हता. पण तो म्हणाला, "मी त्याला विचारलं. तो हो म्हणाला. चार माणसं होती तिथे." मग तो मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "फिट येते हे दाखवता येतं. येत नाही हे कोण दाखवणार? क्रेनखाली माणसं असतात. वर्षभर जाऊ दे, मग बघू." वर्षभरानं ती शिकवणी नसणार, हे तेही जाणून होते. ती जागा आठवड्याभरात गावातल्याच दुसऱ्या घराला गेली. गावात तर त्याच्याबद्दल आणखीच काही बोललं जात होतं. त्याच्या बहिणीला बघायला येणारे लोक यायचे थांबले होते.

मी पुढचे दोन दिवस सबबी शोधत काढले. मास्तरवर आळ आहे, तो सोसतोय, त्याचं काय एवढं, असंही मनात आलं. ते मनात आलं याची मला अजून लाज वाटते. बुधवारी दुपारी मी घणसोलीला गेलो. खाडीवाला बांधावर, उघाडीजवळ होडी ओढून लावत होता. सुकती लागली होती, पाणी खाली गेलं होतं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मास्तरनं नाही, मी सांगितलं. कानात सांगितलं आणि माझं नाव सांगू नका म्हणालो.

त्यानं दोर सोडला. "कशापायी?"

मी त्याला आमच्याकडे आकडी म्हणजे काय ते सांगितलं. आधी त्याला हसू फुटलं. "फेफरा? मना?" तो मोठ्यानं हसला. मग त्याचं हसू थांबलं. तो मनातल्या मनात काहीतरी जुळवत होता, ते दिसत होतं. "म्हंजे तो विचारत व्हता, तुना फेफरा येते काय... आनि मी बोललो, हां येते. दोन-तीन वर्सं जाली." तो होडीच्या काठावर बसला. "मीच बोललो."

मी त्याला मामाचं सांगितलं. वीतभर पाणी, एकटा माणूस. कांद्याचंही सांगितलं. विहिरीचं, चिंचेचं, सगळं. तो ऐकत होता. चिखलात खेकडे बाहेर आले होते, आमच्या बोलण्याची चाहूल लागली की बिळात जात होते. मला वाटत होतं त्यानं शिवी द्यावी, एक ठेवून द्यावी. मी त्याची वाट बघत उभा होतो.

"म्हंजे आठ दिस तू मना मेलेला बघत व्हतास," तो म्हणाला.

"हो."

"माझे मागं मागं फिरत व्हतास, कांदा घेऊन."

"हो."

"आनि एक डाव पन मना विचारला नाय, का बाबा, तुना व्हते तरी काय?"

"नाही," मी म्हणालो. "नाही विचारलं."